दहाचा डोस, अकराची पाहुणी

सकाळी ६

काकूंचा मिस्ड कॉल सहाला येतो. एक रिंग म्हणजे गोळी दिली, सगळं ठीक. रिंग वाजत राहिली तर उचलायचं. आज वाजत राहिली.

"सिस्टर, त्या येणार ना नक्की?"

"येणार. अकराला."

"मग दहाची गोळी दिली की मी यांची दाढी करून घेते." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी घरोघरी जाणारी नर्स आहे. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्याकडे आमची गाडी जाते. गाडीत डॉक्टर, समाजसेविका, मी आणि ड्रायव्हरदादा. उपचार थांबले तरी दुखणं, जखम, उलटी, बद्धकोष्ठ, न येणारी झोप यांतलं काहीच थांबत नाही. आमचं काम तिथून सुरू होतं. आज ज्या घराबद्दल सांगतेय, तिथल्या ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.

काकांचा दिवस मॉर्फिनवर चालतो. सहा, दहा, दोन, सहा, दहा. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी एक. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला कुणाला उठावं लागत नाही. दुखायला लागल्यावर घ्यायची ही गोळी नव्हे, दुखणं परत यायच्या आत घ्यायची. हे पटवायला प्रत्येक घरात वेळ लागतो. काकूंनाही सुरुवातीला वाटायचं, आत्ता दुखत नाहीये तर एक वाचवू, पुढे लागेल. त्यातून व्यसनाची भीती होतीच. दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत घेतली तर व्यसन लागण्याची शक्यता फार थोडी. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला द्यावं लागतं. मॉर्फिनची चर्चा करणारे लोक हे कधी सांगत नाहीत.

सकाळी ८

ऑफिसात मॉर्फिनचं कपाट दोन कुलपांचं. गोळ्या मोजायच्या, रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची, दुसऱ्याची सही घ्यायची. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा आला आणि कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं अवघड होऊन बसलं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, परवाने अनेक, आणि एखादी गोळी कमी भरली तर तुरुंगाची भीती. त्यापेक्षा ठेवायलाच नको, असं पुष्कळ इस्पितळांनी ठरवून टाकलं. २०१४च्या दुरुस्तीनं नियम देशभर सारखे केले. तरी ज्या घरात आम्ही पहिल्यांदा जातो तिथे माणूस बऱ्याचदा साध्या पेनकिलरवर तळमळत असतो.

गोळ्या, गॉझ, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे आणि मेट्रोनिडॅझोलची पूड पिशवीत भरता भरता आमची बैठक होते. आज समाजसेविकेनं काकांच्या पाहुणीचा विषय काढला. तिला एकच गोष्ट पक्की करायची होती. बोलावलंय कुणी, काकांनी की मुलानं? आजारी माणसासाठी काहीतरी मोठं करून दाखवायची हौस मुलांना असते.

काकांनीच बोलावलं होतं, वहीत लिहून. त्यांना बोलता येत नाही. गालाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा आणि जिभेचा मोठा भाग गेला, आणि वर्षाच्या आत गाठ परत आली. काका गिरणी कामगार. गिरणीत विडी ओढायला बंदी, म्हणून रात्रपाळीत तोंडात तंबाखू. गिरणीतल्या कितीतरी जणांची सवय अशीच लागली.

पाहुणीची हकीगत समाजसेविकेनं काकूंकडून ऐकली होती. काका कोकणातून आलेले, चोविशीचे, साचाखात्यात कामाला. एका खोलीत आठ-दहा गाववाले. जेवण खाणावळीत. लालबाग-परळच्या खाणावळी म्हणजे बायकांनी आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत चालवलेला उद्योग. माणसं पाळीप्रमाणे येऊन जेवून जात, पैसे महिन्याच्या पगाराला. वाणसामानासाठी कर्ज काढून या बायका व्याजात बुडत. प्रेमाताई पुरवांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच. काका जिथे जेवत तिथे वाढायला खाणावळवालीची मुलगी असे. दोघांचं ठरलं होतं, फक्त घरात सांगायचं राहिलं होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला, पण भूक थांबत नाही. खाणावळीतली उधारी वाढत गेली. पावसाळ्याच्या तोंडाशी कितीतरी जण गावी गेले, तसे काकाही गेले. पेरणी करून येतो, म्हणाले. ते परत मुंबईला आले तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं, हाताला वॉचमनची नोकरी होती आणि खाणावळीच्या चाळीकडे ते फिरकलेच नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्यांनी काकूंना हे सगळं सांगून टाकलं होतं. काकूंनी समाजसेविकेला सांगितलं, "नाव मला चाळीस वर्षं पाठ आहे. चेहरा कधी बघितला नाही."

मुलानं गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. दोन दिवसांत डोंबिवलीचा नंबर आला. फोन काकूंनी केला.

सव्वानऊ

वडाळ्याच्या आजींकडे दहा मिनिटांत काम झालं. दुखणं ताब्यात, झोप बरी. आजींना जिलबी खायची होती आणि सून मधुमेहाची फाईल घेऊन दारात उभी. डॉक्टर म्हणाले, द्या. सून अविश्वासानं माझ्याकडे बघत राहिली. मीही म्हटलं, द्या.

१० वाजून १० मिनिटं

काकांचं घर गिरणी कामगारांच्या सोडतीत मिळालेलं, २२५ चौरस फुटांचं, काळाचौकीला. पोचले तेव्हा दहाची गोळी गेलेली होती. ती कुटून, कोमट पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून द्यायची. साधी गोळी अशी कुटता येते. बारा तासांची, हळूहळू विरघळणारी गोळी चुकूनही कुटायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एका घोटात जातं.

अकराची वेळ आम्ही विचार करून ठेवली होती. गोळी दिल्यावर अर्ध्या-एक तासात दुखणं सर्वांत कमी असतं. दुपारी काकांना ग्लानी येते, संध्याकाळी ते थकलेले असतात. दिवसातला त्यांचा स्वतःचा म्हणावा असा वेळ साधारण पावणेअकरा ते पावणेबारा. तो कुणाला द्यायचा हे त्यांनी ठरवलं होतं.

काकूंनी चांगल्या बाजूची दाढी केली. मग मी ड्रेसिंग उघडलं. गालाची जखम फुटलेल्या फुलकोबीसारखी झाली आहे, आणि तिला वास येतो. कुजण्याचा तो वास घरच्यांना शरमेचा वाटतो. शेजारी येईनासे होतात, नातवंडं लांब उभी राहतात. हा वास जखमेतल्या जंतूंमुळे येतो, अस्वच्छतेमुळे नाही, हे काकूंना मी कितीदा सांगितलं असेल. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरली की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. या पाहुणीसाठी आम्ही रोजचं ड्रेसिंग चार दिवस आधीपासून दोनदा सुरू केलं होतं. आज खोलीत वास जवळजवळ नव्हता. काकांनी तरी वहीत लिहिलं, उदबत्ती. मी नको म्हटलं, धुरानं खोकला येतो. ते रागावले.

उशाखाली गडद तांबड्या रंगाचे दोन टॉवेल असतात. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली आहे. एखाद्या दिवशी तिथून एकदम रक्त वाहू शकतं, आणि पांढऱ्या कापडावरचं रक्त बघून माणूस आणि घर दोन्ही हादरतात. म्हणून गडद टॉवेल. त्यासाठीच आज मी मिनिटभरही घराबाहेर थांबणार नव्हते. फक्त खाली जाऊन पाहुणीला वर आणेपर्यंत डॉक्टर बसणार होते.

निघताना बघितलं तर काकू वही उचलून फळीवर ठेवत होत्या. तिच्या जागी त्यांनी नातवाची पाटी ठेवली आणि पेन्सिल. "वहीतलं राहतं," त्या मला म्हणाल्या. "मला नको ते वाचायला."

पावणेअकरा

त्या डोंबिवलीहून कुर्ला आणि तिथून हार्बरनं कॉटन ग्रीन अशा आल्या होत्या. साठी उलटलेली, फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी. जिन्याशी त्यांना थांबवून मी नेहमी सांगते तेच सांगितलं. चेहरा ओळखीचा वाटणार नाही. उजवीकडे पट्टी आहे. बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं, म्हणून मोठ्यानं बोलायची गरज नाही. रडू आलं तर रडा, पण नजर वळवू नका, त्यांना तेच जिव्हारी लागतं.

"पिठी आणलीय कुळथाची," त्या म्हणाल्या. "तिखट नाही घातलं, आमसूल नाही घातलं. त्यांनी सांगितलं होतं फोनवर."

त्यांनी म्हणजे काकूंनी. मला हे ठाऊक नव्हतं.

सकाळी ११

दारात काकू म्हणाल्या, "या. चपला आत घ्या, बाहेर राहत नाहीत." पाणी दिलं. मग मेथीची जुडी आणि ताट घेऊन त्या बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसल्या. डॉक्टर खाली गाडीत गेले. मी ओट्याकडे तोंड करून रजिस्टर उघडलं. एवढ्याशा घरात ऐकू येत नाहीये असं दाखवणं हाच आडोसा.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू. मग पाटीवर पेन्सिल कुरकुरायला लागली. त्यापुढचं अर्धंच बोलणं माझ्या कानावर आलं, कारण काकांचं अर्धं पाटीवर होतं आणि मी वळून बघितलं नाही.

"हं."

"आई ब्याण्णवला गेली."

"दोन मुली. एक ठाण्याला, एक पुण्याला."

पेन्सिल. फडक्यानं पुसल्याचा आवाज. पुन्हा पेन्सिल, बराच वेळ.

"कसली उधारी?"

पेन्सिल.

"ती वही आईनं चुलीत घातली. तुझ्या एकट्याची नव्हती, अख्ख्या खोलीची होती. कुणाकुणाकडे मागणार?"

मला वाटलं, झालं, इथे आता दोघंही मोकळे होतील. असं वाटायला सिनेमे कारणीभूत आहेत. थोडा वेळ गेला आणि बाईंचा आवाज एकदम चढला.

"पेरणी किती दिवस चालते रे?"

बाहेर मेथी खुडण्याचा आवाज थांबला.

पेन्सिल काही हलली नाही. मी रजिस्टरच्या त्याच ओळीवर परत एकदा तारीख लिहिली. खूप वेळानं दोन-चार अक्षरं उमटल्यासारखा आवाज आला. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. पाटी मात्र त्यांनी स्वतः पुसली, हातानंच. ते काय होतं मला माहीत नाही.

मग काकांना खोकल्याची उबळ आली आणि माझं काम आलं. पाठीला उशी, मान पुढे, तोंडातली लाळ गॉझनं टिपायची. बाईंनी न सांगता वाटी धरली. पट्टीच्या कडेनं थोडा स्राव आला होता. तोही त्यांनी बघितला, आणि नजर वळवली नाही. उबळ ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पिठी देता येईल?"

गाळून, पातळ करून, कोमट असेल तर नळीतून देता येते. डोकं उंच ठेवून, सावकाश, पुढेमागे थोडं साधं पाणी. पण नळीतून गेलेल्या अन्नाला चव नसते, ते थेट पोटात जातं. म्हणून मी गॉझची सुरळी पिठीत बुडवून, पिळून, जिभेचा जो भाग उरलाय त्यावर टेकवली. घोट घेऊ द्यायचा नाही, ठसका लागून छातीत जाईल. नुसती टेकवायची. पुस्तकात याला तोंडाची निगा म्हणतात.

काकांनी डोळे मिटले, उघडले आणि पाटीवर काहीतरी खरडलं. बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की काकू ताट टाकून आत आल्या.

"काय झालं?"

"मीठ कमी आहे म्हणतोय," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणतायत."

"चव कळते कुठे त्यांना," काकू म्हणाल्या. "नाटकं सगळी."

पावणेबाराला मी वेळ झाल्याचं सांगितलं. काकांच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. क्षमा, माफ, चूक यांतलं काही त्या पाऊण तासात निदान मला तरी ऐकू आलं नाही. मृत्युशय्येवर माणसं हिशेब मिटवतात असं लिहिण्याची पद्धत आहे. मी बघितलेली बहुतेक माणसं हिशेब फक्त उघडून दाखवतात. समोरच्यानं तो बघितला, एवढ्यावर त्यांचं भागतं. बाईंचा राग जाताना तसाच होता. त्या लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "वाळलाय किती," आणि मग खाली पोचेपर्यंत गप्प.

दुपारी १

गाडीत वडापाव. ड्रायव्हरदादांचं मत पडलं की अशा भेटी घडवू नयेत, घरात वितुष्ट येतं. डॉक्टरांचं मत उलट. आमच्या कामाची सुरुवातच अशा एका ओळखीतून झाली, असं ते नव्या मुलांना नेहमी सांगतात. सिसिली सॉन्डर्स लंडनच्या इस्पितळात समाजसेविका होत्या, तेव्हा वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा एक ज्यू वेटर त्याच शहरात कॅन्सरनं मरत होता. परक्या शहरात त्याचं कुणी नव्हतं. दोघं प्रेमात पडली. मरणाऱ्या माणसाला नीट राहता येईल अशी जागा कशी असावी, हेच त्यांचं बोलणं. १९४८मध्ये तो गेला आणि अशा घराला एखादी खिडकी व्हावी म्हणून सॉन्डर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवून गेला. सॉन्डर्स पुढे डॉक्टर झाल्या. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं १९६७मध्ये. त्यानंतर १९८६मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन निघालं, आपल्या देशातलं पहिलं.

ड्रायव्हरदादा म्हणाले, "तिचं लग्न नव्हतं झालेलं तेव्हा. इथे काकू आहेत." मुद्दा बरोबर होता. काकू नसत्या तर आज काहीच घडलं नसतं, एवढंच मी म्हटलं.

दुपारी ३

भांडुपला एक बाई आहेत, पंचावन्नच्या. हाडांत पसरलेला स्तनाचा कॅन्सर. घटस्फोटाला वीस वर्षं झालीत. नवऱ्याला बातमी कळल्यापासून तो दर आठवड्याला फळांची पिशवी घेऊन खाली येतो आणि वॉचमनकडून निरोप पाठवतो की एकदा भेटू दे, माफी मागायची आहे. मी गेल्या खेपेला त्यांना परत विचारलं होतं, माणसाचं मन बदलतं म्हणून. आज त्यांनी आपण होऊन उत्तर दिलं.

"त्याला हलकं व्हायचंय. होऊ दे. माझ्या अंगावर नको."

खाली जाऊन त्या गृहस्थांना नको म्हणून सांगणं हे माझं काम. ते रडले. सभ्य माणूस वाटला, आणि असेलही. त्यांना मी समाजसेविकेचा नंबर दिला, त्यांचं बोलणं तिच्याशी होईल. जिना चढू दिला नाही. सकाळच्या भेटीचं कौतुक करणाऱ्यांनी या दारात उभं राहून बघावं. उरलेला वेळ ज्याचा आहे, त्याचाच शब्द चालतो. पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी तो आजारी माणसाच्या झोपेच्या आड येऊ द्यायचा नाही.

संध्याकाळी ५

दोनची एक रिंग येऊन गेली होती. ऑफिसात परत मोजदाद, सह्या, नोंदी. काकांच्या फाईलमध्ये एक कागद बरेच दिवस रेंगाळतोय. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८च्या निकालात सांगितलं की शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. २०२३मध्ये ती पद्धत सोपी केली, मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. काकांना व्हेंटिलेटर नकोय, इस्पितळात न्यायचं नाही. त्यांच्या वतीनं बोलणार कोण, तिथे त्यांनी काकूंचं आणि मुलाचं नाव लिहिलंय. सही उद्या-परवा होईल. घरीच गेले तर रात्री-अपरात्री कोणते डॉक्टर येऊन ४-अ नमुन्यातला मृत्यूच्या कारणाचा दाखला भरतील, हेही काकूंच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. तो कागद हातात नसेल तर स्मशानात अडवतात, आणि त्या वेळी डॉक्टर शोधत फिरायची पाळी कुणावर येऊ नये.

या सगळ्या कागदांत सकाळच्या पाहुणीला कुठेच रकाना नाही. भेटीच्या नोंदीत मी लिहिलं, नातेवाईक नसलेल्या एक बाई भेटल्या, पन्नास मिली पिठी नळीतून, त्रास नाही, रुग्ण शांत, ११.५० ला झोपले.

रात्री १०

रिंग वाजत राहिली. मी ताटावरून उठले.

"गोळी दिली का?"

"दिली. दोन दिल्या, तुम्ही सांगितल्यासारख्या. सिस्टर, ऐका. त्यांचा फोन होता मघाशी. परत कधी येऊ म्हणून विचारत होत्या."

"काका काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार, त्यांनी वहीत आधीच गुरुवार लिहून ठेवलाय." काकू थांबल्या. "मला गुरुवारी बँकेत जायचंय. पेन्शनचं काम आहे, महिना झाला बाहेर पडले नाही. मुलाला सुट्टी नाही. त्या दोन तास बसल्या तर माझं होईल."

"बसतील की. मी दहाला येतेच."

"ते नळीतून द्यायचं तेवढं तुम्ही शिकवा त्यांना. मी शिकवलं तर बरं दिसत नाही. आणि मीठ सांगा घालायला."